एकच मुखवटा, दोन व्ही: चित्रकथेतला आणि चित्रपटातला

‘व्ही फॉर व्हेंडेटा’मधला हुकूमशाही सरकारविरुद्ध लढणारा मुखवटाधारी व्ही नायक आहे की राक्षस, यावर दोन माणसे वाद घालू लागली की पुष्कळदा ती दोन निराळ्या व्हींविषयी बोलत असतात. एकाने २००६ साली चित्रपटगृहांत आलेला चित्रपट पाहिलेला असतो. दुसऱ्याने अ‍ॅलन मूर यांनी लिहिलेली आणि डेव्हिड लॉइड यांनी रेखाटलेली मूळ चित्रकथा वाचलेली असते. मुखवटा तोच, त्याने वाचवलेली ईव्ही हॅमंड तीच, लार्कहिलची छळछावणी तीच, तेव्हा मुखवट्याआडचा माणूसही तोच असणार, असे दोघेही धरून चालतात. तो तोच नाही, आणि ज्या प्रश्नावर वाद चाललेला असतो तो प्रश्न या दोघांपैकी एकाच्याच बाबतीत खऱ्या अर्थाने उभा राहतो, असे माझे मत आहे. ते मांडताना दोन्ही कथांचे शेवट सांगावे लागतील, हे ज्यांनी त्या वाचल्या-पाहिल्या नाहीत त्यांनी लक्षात घ्यावे.

चित्रकथा मार्च १९८२ मध्ये ‘वॉरियर’ या ब्रिटिश मासिकाच्या पहिल्या अंकापासून कृष्णधवल स्वरूपात सुरू झाली. १९८५ मध्ये मासिक बंद पडल्याने ती अर्धवट राहिली आणि पुढे १९८८-८९ मध्ये डीसी कॉमिक्सने ती रंगीत करून दहा अंकांत पूर्ण केली. मार्गारेट थॅचर यांची राजवट, स्थलांतरितांचा द्वेष करणाऱ्या संघटनांचा रस्त्यावरचा वावर आणि अणुयुद्धाची रोजची भीती, अशा काळात ती लिहिली गेली. तिच्यात १९९७ सालचे ब्रिटन आहे. अणुयुद्धात जगाचा मोठा भाग नष्ट झाला आहे. ब्रिटनवर बॉम्ब पडले नाहीत, पण हवामान बिघडून पूर आले, पिके गेली, लंडनमध्ये टोळ्यांचे राज्य आले, आणि त्या गोंधळात ‘नॉर्सफायर’ नावाच्या फासिस्ट पक्षाने सत्ता घेतली. कृष्णवर्णीय, आशियाई, समलिंगी आणि डाव्या विचारांची माणसे छावण्यांत गेली आणि परत आली नाहीत. उरलेल्या लोकांनी हे होऊ दिले, कारण त्यांना अन्न आणि शिस्त हवी होती.

चित्रपटाने नेमका हाच भाग बदलला आहे. तिथे नॉर्सफायरने सत्तेसाठी स्वतःच्याच देशबांधवांवर विषाणू सोडला, हजारो माणसे मारली, त्याचे खापर दहशतवाद्यांवर फोडले आणि घाबरलेल्या जनतेची मते मिळवली. हे कारस्थान एकदा कथेत आले की जनता फसवली गेलेली ठरते, आणि फसवलेल्यांना सत्य सांगणारा माणूस आपोआप नायक होतो. चित्रकथेतल्या जनतेला ही सवलत नाही. तिथला व्ही दूरचित्रवाणीचे केंद्र ताब्यात घेऊन साऱ्या मानवजातीशी असा बोलतो की जणू एखादा मालक कामचुकार नोकराला शेवटची समज देत आहे. तुम्हीच या माणसांना निवडले, तुम्हीच त्यांना अधिकार दिले, हा त्याचा आरोप आहे. चित्रपटातला व्हीदेखील लोकांना आरशात पाहायला सांगतो, परंतु विषाणूचे रहस्य उलगडल्यावर त्या आरोपातली धार बोथट होते.

आता ‘अराज्यवादी’ या शब्दाकडे वळू, कारण इथे मराठी वाचकाची एक अडचण होते. आपण ‘अराजक’ हा शब्द लूटमार, बेबंदशाही या अर्थाने वापरतो. ‘अराज्यवाद’ हा राजकीय विचार आहे, आणि माणसांनी राज्यसंस्थेच्या धाकाशिवाय परस्परांच्या सहकार्याने जगावे, असे तो सांगतो. १८४० साली फ्रान्समधल्या प्रूधाँ यांनी स्वतःला अराज्यवादी म्हणवून घेतले, रशियन विचारवंत क्रपोत्किन यांनी परस्परसाहाय्याचा सिद्धांत मांडला, आणि याच विचाराचे नाव घेऊन १८९४ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष कार्नो यांना भोसकण्यात आले, १९०१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली यांना गोळ्या घालण्यात आल्या. बॉम्बवाला माथेफिरू ही अराज्यवाद्याची प्रतिमा त्या काळात घट्ट झाली. वस्तुतः हिंसेचा त्या विचाराशी अटळ संबंध नाही: फेब्रुवारी १९१६ मध्ये बनारसच्या भाषणात गांधीजींनी आपणही अराज्यवादी आहोत, पण निराळ्या प्रकारचे, असे सांगितले होते, आणि त्याच भाषणाच्या वृत्तांतामुळे रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे विनायक भावे, म्हणजे पुढचे विनोबा, गांधीजींकडे ओढले गेले.

चित्रकथेतला व्ही या वादात पूर्ण शुद्धीनिशी उतरलेला आहे. सरकारचे डोळे आणि कान बंद पाडल्यावर शहरात दंगे आणि लुटालूट सुरू होते, तेव्हा ईव्ही त्याला विचारते की तू म्हणत होतास ते हेच का. तो नाही म्हणतो. हा निव्वळ गोंधळ आहे, राज्याशिवायची स्वेच्छेने उभी राहिलेली व्यवस्था यानंतर यायची आहे. अराज्याला दोन चेहरे असतात, एक मोडणाऱ्याचा आणि एक घडवणाऱ्याचा, आणि मोडणाऱ्याचे काम झाले की नव्या जगात त्याला जागा नसते, हे तो स्वतःबद्दल सांगतो. चित्रपटातला व्ही यातले काहीही बोलत नाही. तो अन्यायाविरुद्ध आहे, भयाविरुद्ध आहे, सरकारने जनतेला भ्यावे असे म्हणतो. हुकूमशहा गेल्यावर काय यावे, याबद्दल तो गप्प आहे, आणि प्रेक्षक ती रिकामी जागा आपल्या ओळखीच्या लोकशाहीने भरून घेतो. मूर यांचा मुख्य आक्षेप हाच होता. त्यांनी आपले नाव काढून टाकायला लावले, म्हणूनच चित्रपटाच्या श्रेयनामावलीत फक्त लॉइड यांचा उल्लेख आहे.

मुखवट्याबद्दल थोडेसे. तो ज्याच्या चेहऱ्यावरून घेतला आहे तो गाय फॉक्स अराज्यवादी मुळीच नव्हता. ५ नोव्हेंबर १६०५ रोजी पार्लमेंटखालच्या तळघरात बंदुकीच्या दारूच्या ३६ पिंपांजवळ पकडला गेलेला हा कॅथलिक कटवाला एका राजाच्या जागी आपल्या धर्माला अनुकूल असे दुसरे राज्य आणू पाहत होता. लॉइड यांनी रेखाटलेला त्याचा हसरा चेहरा चित्रपटानंतर जगभर गेला. २००८ पासून हॅकरांच्या ‘अ‍ॅनॉनिमस’ गटाने तो वापरला, २०११ मध्ये वॉल स्ट्रीटच्या आंदोलनात तो दिसला, आणि जून २०१२ मध्ये इंटरनेटवरच्या निर्बंधांचा निषेध करताना मुंबईसह भारतातल्या काही शहरांत तरुणांनी तो चढवला. या सगळ्यांनी घातलेला मुखवटा चित्रपटातल्या व्हीचा आहे. चित्रकथेतल्या व्हीचा मुखवटा घालण्याआधी माणसाला फार विचार करावा लागेल.

सूड दोघेही घेतात. लार्कहिलच्या छावणीत ज्यांनी त्याच्यावर प्रयोग केले त्यांना व्ही एकेक करून गाठतो: बिशप लिलिमन आणि डॉक्टर डेलिया सरिज या दोघांचा तो जीव घेतो, आणि छावणीचा प्रमुख लुईस प्रोथेरो चित्रकथेत वेडा होतो तर चित्रपटात मरतो. फरक आहे तो ज्यांना शिक्षा होते त्यांच्या रेखाटनात. चित्रपटातला हुकूमशहा सटलर बहुतेक वेळ एका प्रचंड पडद्यावरून ओरडणारे तोंड आहे. त्याच्या मरणाचे कोणालाही काही वाटू नये, अशीच ती मांडणी आहे. चित्रकथेतला अ‍ॅडम सुझन हा एकाकी, प्रेमाला पारखा झालेला माणूस आहे. फासिझमवर त्याची खरोखर निष्ठा आहे आणि ‘फेट’ नावाच्या संगणकयंत्रावर तो प्रियकरासारखा जीव लावतो. त्याला व्ही मारत नाही. एका मारल्या गेलेल्या अधिकाऱ्याची निराधार विधवा, पोटासाठी नाइट क्लबच्या रंगमंचावर उभी राहावी लागलेली रोझ, त्याला गोळी घालते, आणि तिचा तो नवरा व्हीच्या हातून मेलेला असतो. एका खुनातून किती माणसांचे संसार उसवतात, हे चित्रकथा पानोपानी दाखवते. तिथले फासिस्ट शेजारच्या घरात राहणाऱ्या माणसांसारखे आहेत. त्यामुळे त्यांचा अपराध कमी होत नाही, पण त्यांना मारणाऱ्याकडे पाहताना वाचकाचा हात टाळीसाठी उठत नाही.

आता त्या कोठडीकडे यायला हवे, कारण माझ्या दृष्टीने या प्रश्नाचा निकाल स्फोटांवर लागत नाही, तो तिथे लागतो.

ईव्हीला पकडले जाते, तिचे केस भादरले जातात, तिला अंधाऱ्या कोठडीत ठेवून तिची चौकशी आणि छळ केला जातो, आणि व्हीचा ठावठिकाणा सांग किंवा मरणाला तयार हो, असे सांगितले जाते. कोठडीच्या भिंतीतल्या एका बिळातून तिला व्हॅलरी नावाच्या स्त्रीचे पत्र मिळते. व्हॅलरी अभिनेत्री होती, तिने एका स्त्रीवर प्रेम केले म्हणून ती छावणीत मेली, आणि सगळे काही हिरावले गेले तरी आपल्यातला एक कण आपण कोणाला देऊ नये, असे तिने लिहिले आहे. ते वाचून ईव्ही मरण पत्करते. दार उघडते, आणि कळते की तुरुंग खोटा होता, पहारेकरी बाहुले होते, छळणारा स्वतः व्हीच होता. पत्र मात्र खरे होते. लार्कहिलमध्ये शेजारच्या खोलीतून ते त्याच्याकडे आले होते.

हे दोन्ही कथांत घडते, तरीही त्याचा अर्थ एकच राहत नाही. चित्रपटातली ईव्ही दूरचित्रवाणी केंद्रात काम करणारी प्रौढ स्त्री आहे. सुटल्यावर ती संतापते आणि त्याला सोडून जाते. ती परत येते तेव्हा व्ही तिच्या प्रेमात पडलेला आहे, हळवा झालेला आहे, आणि प्रेमाचा तो सूर इतका ठळक आहे की छळाची आठवण त्याखाली दबून जाते. चित्रकथेतली ईव्ही १६ वर्षांची अनाथ मुलगी आहे. पोट भरत नाही म्हणून शरीर विकायला पहिल्यांदाच रस्त्यावर आलेल्या या मुलीवर गुप्त पोलीस बलात्कार करणार, इतक्यात व्ही तिला वाचवतो. म्हणजे तिच्या आयुष्यात त्याची जागा जवळजवळ बापाची आहे. अशा मुलीला त्याने आधी घराबाहेर काढले आणि मग कोठडीत टाकले. तो क्षमा मागत नाही. तू जन्मभर तुरुंगातच होतीस, मी फक्त तुला तुरुंगाच्या भिंती दाखवल्या, असे त्याचे म्हणणे आहे. ती रडते, कोसळते आणि अखेरीस त्याचे म्हणणे स्वीकारते.

मी हा भाग अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी तिथे अडखळलो आहे. दुसऱ्याला मुक्त करण्यासाठी त्याचा छळ करण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि जो माणूस राज्यसंस्थेच्या बळजबरीविरुद्ध उभा आहे त्याला तर तो नाहीच नाही. लार्कहिलने त्याच्यावर जे केले तेच त्याने एका मुलीवर केले. ईव्हीने नंतर त्याला धन्यवाद दिले म्हणून ते योग्य ठरत नाही, कारण छळ सोसलेल्या माणसाला आपल्या सोसण्याला अर्थ हवा असतो आणि तो मिळेल तिथून तो घेतो. या एका कृत्यासाठी मी व्हीला राक्षस म्हणायला तयार आहे. चित्रकथेचे मोठेपण असे की मला हे म्हणता येईल इतका पुरावा ती स्वतःच समोर ठेवते. व्हीचा विचार आकर्षक आहे म्हणून त्याचे कृत्य ती झाकत नाही, आणि कृत्य भयंकर आहे म्हणून त्याचा विचार खोटाही पाडत नाही.

चित्रपटावर झाकपाकीचा माझा आरोप आहे, आणि त्याची साक्ष कोठडीहून एका लहानशा प्रसंगात अधिक सापडते. व्ही लाखो मुखवटे घरोघर पाठवतो. व्हीचा माग काढणारा पोलीस निरीक्षक फिंच आपल्या सहकाऱ्याला सांगतो की एवढ्या गोंधळात कोणीतरी काहीतरी मूर्खपणा करील आणि मग सारे पेटेल. तसेच होते: मुखवटा घालून भिंतीवर व्हीची खूण रंगवणारी एक लहान मुलगी गुप्त पोलिसाच्या गोळीने मरते, आणि वस्तीतले लोक त्या पोलिसावर तुटून पडतात. पटावर सोंगट्या मांडणाऱ्या व्हीने ही चाल पाहिली नसेल असे मानणे कठीण आहे. त्याची योजनाच अशा एखाद्या मृत्यूवर उभी होती. चित्रपट यावर क्षणभरही थांबत नाही. पार्लमेंटसमोर मुखवट्यांचा समुद्र जमतो, सैनिक गोळी चालवत नाहीत, आतषबाजीसारखा स्फोट होतो, आणि गर्दी मुखवटे काढते तेव्हा त्या गर्दीत मेलेली मुलगीही उभी दिसते. सुंदर दृश्य आहे, पण हिशेब त्यात पुसला गेला आहे.

चित्रकथेचा शेवट इतका झळाळता नाही. तिथे व्हीला चित्रपटातल्यासारखे गुप्त पोलिसांचा प्रमुख क्रीडी याच्या टोळीशी झुंजताना वीरमरण येत नाही. फिंच त्याला एका बंद पडलेल्या भुयारी स्थानकात गोळी घालतो आणि व्ही ते होऊ देतो. ईव्ही त्याच्या प्रेताजवळ बसून मुखवटा काढावा का, याचा विचार करते. आत कोणाकोणाचा चेहरा असू शकेल ते तिच्या डोळ्यांसमोरून जाते, आणि ती तो काढत नाही. पुढे ती स्वतः मुखवटा घालून लोकांसमोर येते, परंतु आपण कोणाला मारणार नाही, हे तिने ठरवलेले असते. व्हीने तिला छळून घडवले हे खरे, तरी त्याच्या कामातला कोणता अर्धा भाग पुढे चालवायचा आणि कोणता त्याच्याबरोबर जाळायचा, ही निवड तिची आहे. फुलांनी सजवलेल्या, स्फोटके भरलेल्या रेल्वेच्या डब्यात त्याचे प्रेत ठेवून ती डबा रवाना करते. मग दंगलीत जखमी होऊन पडलेल्या फिंचच्या तरुण सहकाऱ्याला, म्हणजे शत्रूच्याच माणसाला, ती उचलून व्हीच्या घरात घेऊन येते. फिंच मात्र अधिकार, नोकरी आणि शहर सगळे मागे टाकून, दिवे गेलेल्या महामार्गावरून एकटाच चालत निघून जातो.