ब्रेक जर्नी आणि सर्क्युलर तिकीट: गल्लत कुठे होते

सुट्टीचा बेत ठरत असला की कुणीतरी हमखास सांगतं, ‘अरे, एकच लांबचं तिकीट काढ आणि मध्ये उतरत उतरत जा, स्वस्तात पडतं.’ सल्ला खोटा नाही. पण त्यात रेल्वेच्या दोन निराळ्या सोयी एकत्र कालवलेल्या असतात, आणि खिडकीवर जाऊन मागताना नेमकी चुकीची मागितली जाते. मुंबईहून दिल्लीला जाताना वाटेत भोपाळ पाहायचं असेल तर ती ब्रेक जर्नी. अहमदाबाद, जयपूर, आग्रा करत गोल फिरून पुन्हा मुंबईलाच यायचं असेल तर ते सर्क्युलर जर्नी तिकीट. रेघ आणि वर्तुळ, एवढंच लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं.

दोन्हींत पैसे वाचतात ते एकाच कारणाने. मेल-एक्स्प्रेसचं भाडं अंतराबरोबर वाढतं, पण किलोमीटरमागचा दर उतरत जातो. त्यामुळे एकाच लांब प्रवासापेक्षा त्याचे तुकडे महाग पडतात. दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. आकारणीला किमान अंतर असतं: स्लीपरला २०० किलोमीटर, थर्ड एसीला ३००. अजमेर ते जयपूर जेमतेम १३५ किलोमीटर, पण थर्ड एसीचं सुटं तिकीट काढलंत तर पैसे ३०० किलोमीटरचेच द्यायचे. अशा आखूड टप्प्यांवर कुटुंबाचा खिसा गुपचूप हलका होतो.

आधी ब्रेक जर्नी. तिकीट ५०० किलोमीटरहून जास्त अंतराचं हवं, आणि पहिला मुक्काम सुरुवातीपासून ५०० किलोमीटर झाल्यावरच करता येतो. इथेच आपल्याकडची मंडळी फसतात. मुंबई-दिल्ली तिकिटावर जळगावला उतरून अजिंठा पाहू म्हणाल, तर जमणार नाही, कारण जळगाव मुंबईहून सुमारे ४२० किलोमीटरवर आहे. भुसावळही ५०० च्या आतच. खांडवा चालेल, तिथून रस्त्याने ओंकारेश्वर करता येतं. १,००० किलोमीटरपर्यंतच्या तिकिटावर एक मुक्काम, त्यापुढे जास्तीत जास्त दोन. मुक्काम दोन दिवसांचा, त्यात पोहोचल्याचा आणि निघण्याचा दिवस धरत नाहीत. म्हणजे सोमवारी भोपाळला उतरलात तर मंगळवार-बुधवार पूर्ण हातात. एक दिवस सांची, एक दिवस भीमबेटका, आणि गुरुवारी पुढची गाडी. मुंबई-दिल्ली अंतर हजारावर असल्याने दुसरा मुक्काम आग्र्यालाही घेता येतो. उतरल्यावर स्टेशनवर तिकिटावर शेरा मारून घ्यायचा. आणि पुढच्या टप्प्याचा बर्थ हवा असेल, तर मध्ये थांबणार हे तिकीट काढतानाच सांगायचं. वाटेत मनात आलं म्हणून उतरलात तर पुढचं आरक्षण गेलं समजा. राजधानी-शताब्दीला ही सोय नाही.

सर्क्युलर तिकीट म्हणजे अंमळ उपद्व्यापच, पण फेरी मोठी असली तर करण्यासारखा. जिथून निघालात तिथेच परत यायचं आणि वाट गोल हवी. गेलात त्याच मार्गाने परतायचं असेल तर ते साधं येणं-जाणं झालं. जास्तीत जास्त आठ मुक्काम. भाड्याची रीत मजेशीर आहे: एकूण अंतराचे दोन समान भाग करायचे आणि त्या अंतराच्या दोन एकेरी प्रवासांचं भाडं घ्यायचं. मुंबई, अहमदाबाद, अजमेर, जयपूर, आग्रा, भोपाळ आणि परत मुंबई ही फेरी ढोबळमानाने २,७०० किलोमीटर भरते. म्हणजे १,३५० किलोमीटरची दोन तिकिटं काढल्यासारखं भाडं. सहा सुट्या तिकिटांच्या शेजारी हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघाच.

मात्र सगळंच वाचत नाही. आरक्षण शुल्क आणि सुपरफास्टचा अधिभार दर टप्प्याला लागतोच. स्लीपरला हे २० आणि ३० रुपये; सहाही गाड्या सुपरफास्ट असल्या तर माणशी ३००, चौघांचे १,२००. शिवाय वर्तुळ रेल्वेनेच पूर्ण व्हावं लागतं. जयपूर ते आग्रा बसने जाऊ म्हणालात, तर त्या टप्प्याचे पैसे भरून सोडून द्यायचे. आणि हे तिकीट ऑनलाइन मिळत नाही. काही ठरावीक फेऱ्या रेल्वेने आखून ठेवलेल्या असतात. आपली वेगळी असेल तर मार्ग लिहून विभागीय वाणिज्य व्यवस्थापकांच्या कार्यालयात किंवा मोठ्या स्टेशनच्या व्यवस्थापकांकडे द्यायचा. ते भाडं काढून देतात, मग तिकीट घ्यायचं आणि त्यानंतर आरक्षण खिडकीवर एकेका टप्प्याचे बर्थ मिळवायचे.

माझ्या मते खरी अडचण इथे आहे. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. फेरी बारा दिवसांची असेल, तर पहिल्या गाडीचं आरक्षण उघडतं तेव्हा शेवटच्या गाडीचं उघडायला अजून बारा दिवस असतात. सगळे टप्पे एकदम करू म्हणून थांबलात तर तोवर पहिली गाडी वेटिंगवर गेलेली, त्यातही मे महिन्यात तर विचारायलाच नको. दोन लेकरं आणि आजी-आजोबा बरोबर असताना भाड्यात वाचलेल्या रकमेपेक्षा कन्फर्म बर्थ मोलाचा. म्हणून मे महिन्यात मी दोन लांबच्या सुट्या तिकिटांवर, फार तर एका ब्रेक जर्नीवर भागवा असंच सांगेन. सर्क्युलर काढायचं ते गर्दी ओसरलेल्या दिवसांत, आणि हाताशी खेटे घालायला वेळ असेल तर.

ज्येष्ठांच्या सवलतीचा जुना हिशेब कुणी सांगितला तर तो धरू नका, ती मार्च २०२० पासून बंद आहे. पाच ते बारा वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं भाडं, हवा असेल तर पूर्ण; पाचच्या खालच्याला बर्थ न घेता फुकट. रात्रीच्या टप्प्यांना आठ-दहा वर्षांच्या मुलाचा बर्थ मात्र घ्याच.