बालहक्क मेळावा

बालहक्क मेळावा म्हणजे एखाद्या वस्तीतील मुलांनी आणि मोठ्यांनी मिळून भरवलेली जत्रा, जिच्यात खेळ, नाट्य, चित्रे आणि गप्पा यांमधून मुलांच्या हक्कांची ओळख करून दिली जाते. मेळावा बहुधा एक-दोन दिवसांचा असतो आणि शाळेचे पटांगण, बाग किंवा मोकळे मैदान अशा, कोणालाही सहज येता येईल अशा जागी भरतो. स्नेहसंमेलनात मुले कार्यक्रम सादर करतात आणि मोठी माणसे ते पाहतात. येथे मुले यजमान असतात आणि मोठी माणसे त्यांच्याकडे पाहुणी म्हणून येतात.

या उपक्रमाचा आधार संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत सापडतो. ब्रिटिश समाजसेविका एग्लंटाइन जेब यांच्या पुढाकाराने तयार झालेला पाच कलमी मसुदा संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाने १९२४ मध्ये जिनीव्हा जाहीरनामा म्हणून स्वीकारला. त्यात मुलाला काय दिले पाहिजे याचा विचार होता, पण मुलाला काय म्हणायचे आहे याला जागा नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या १९५९ च्या जाहीरनाम्यात दहा तत्त्वे आली. पोलंडने १९७८ मध्ये बंधनकारक कराराचा प्रस्ताव मांडला आणि दशकभराच्या वाटाघाटींनंतर २० नोव्हेंबर १९८९ रोजी चोपन्न कलमांची संहिता संमत झाली. २ सप्टेंबर १९९० पासून ती अमलात आहे. २० नोव्हेंबर हा जागतिक बालदिन असल्यामुळे अनेक मेळावे त्याच सुमारास भरतात.

संहितेतील तीन कलमे मेळाव्याशी थेट जोडलेली आहेत. संहितेची तत्त्वे मोठ्यांप्रमाणेच मुलांपर्यंतही पोचवण्याची जबाबदारी कलम ४२ राष्ट्रांवर टाकते. कलम ३१ विश्रांती, खेळ आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क देते, तर कलम १२ नुसार स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या प्रत्येक मुलाला आपल्याशी संबंधित बाबींत ते मांडता आले पाहिजे आणि त्याचे वय व समज पाहून त्या मताला वजन दिले गेले पाहिजे. खेळ म्हणजे माहितीच्या गोळीवरचे साखरेचे आवरण, असे काही आयोजक समजतात. ती चूक आहे. खेळणे हाच मुळात हक्क असल्याने, मूल मनसोक्त खेळले आणि त्याला एकही कलम पाठ झाले नाही, तरी मेळाव्याचा एक हेतू सफल झालेला असतो.

मेळाव्यातील खेळांपैकी 'गरज की हौस' या प्रकारचा पत्त्यांचा खेळ विशेष परिणामकारक ठरतो. चार-पाच मुलांच्या गटाला वीसेक चित्रपत्ते दिले जातात: स्वच्छ पाणी, राहायला घर, सायकल, औषधोपचार, मोबाइल, शाळा, खेळायला जागा, आपले म्हणणे ऐकणारे कोणीतरी. तुम्ही दूरच्या नव्या प्रदेशात निघाला आहात आणि सामान कमी करायचे आहे, असे सांगून दर फेरीला काही पत्ते टाकायला लावतात. पहिल्या फेरीत मोबाइल आणि सायकल हसतखेळत जातात. पाच-सहा पत्ते उरले की आवाज खाली येतात. एखादे मूल खेळण्याच्या जागेचा पत्ता तळहाताखाली दाबून धरते, दुसरे 'ऐकणारे कोणीतरी' टाकते आणि क्षणभराने परत उचलून घेते. शेवटी उरलेले पत्ते उलटले की मागे संहितेतील कलमांचे क्रमांक दिसतात. एक हक्क सोडून दुसरा राखता येत नाही, ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. ती मुलांच्या भांडणातूनच बाहेर येते.

लहानांसाठी बाहुल्यांचे खेळ, मोठ्या मुलांसाठी पथनाट्य, लुटुपुटीचे मतदान आणि मुलांनी आपली मते व मागण्या लिहून लावायची मतांची भिंत हे इतर नेहमीचे प्रकार होत. 'ही संधी मला मिळते' असे वाटले की एक पाऊल पुढे टाकायचे, अशा खेळात मात्र मुलांना काल्पनिक पात्रेच द्यावीत. घरची खरी परिस्थिती मैदानात उघडी पडणे मुलाला फार लागते.

मुलांच्या सहभागाची पारख करण्यासाठी मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मांडलेली आठ पायऱ्यांची शिडी आजही वापरली जाते. तिच्या तळच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे मुलांना आपल्या कामासाठी वापरून घेणे, शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते बोलू देणे यांना, हार्ट सहभाग मानतच नाहीत. मोठ्यांनी लिहून दिलेल्या घोषणा एका रंगाचे सदरे घालून म्हणणारी मुले हे या तळच्या पायऱ्यांचेच चित्र आहे, आणि दुर्दैवाने ते सर्रास दिसते. खरी कसोटी तयारीच्या बैठकांत लागते: विषय कोणी निवडले, खर्चाचा हिशेब मुलांना दाखवला का, शाळेत न जाणारी, काम करणारी आणि अपंग मुले त्या बैठकीत होती का, आणि ज्याला बोलायचे नाही त्याला गप्प बसण्याची मुभा होती का.

हक्कांविषयी मोकळेपणाने बोलले गेले की एखादे मूल स्वतःवर झालेल्या अन्यायाविषयी सांगू लागते. कलम १९ मुलांना हिंसा, दुर्लक्ष आणि शोषणापासून संरक्षण देते; त्यामुळे असे सांगणे ऐकायला प्रशिक्षित व्यक्ती आणि शांत जागा नसेल तर मेळावा भरवूच नये. ऐकणाऱ्याने मुलाचे बोलणे त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावे, उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत, तेच ते पुन्हा वदवून घेऊ नये आणि 'कोणालाही सांगणार नाही' असे पाळता न येणारे वचन देऊ नये. छायाचित्रांसाठी पालकांबरोबर मुलाचीही संमती घ्यावी.

सहभागाचा शेवट मंडप उतरवल्यावर होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००९ मध्ये कलम १२ वर केलेल्या विवेचनात, मुलांच्या मताचे पुढे काय झाले हे त्यांना कळवणे ही एक स्वतंत्र पायरी म्हणून सांगितली आहे. व्यवहारात यासाठी मतांच्या भिंतीवरील मागण्या मुलेच निवडून लिहून काढतात, त्या स्थानिक प्रशासन आणि शाळा यांच्याकडे देतात आणि उत्तरासाठी तारीख ठरवून घेतात. त्या दिवशी मुले पुन्हा एकत्र जमतात. प्रत्येक मागणीसमोरचे उत्तर मोठ्याने वाचले जाते, आणि जेथे नकार असेल तेथे त्याचे कारणही वाचले जाते.