इनामगावची मडकी आणि दुधाचे दात

घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यातल्या इनामगावात, तीन हजार वर्षांपूर्वी तान्हं मूल दगावलं तर त्याला बहुधा गावाबाहेर नेत नसत. राहत्या घराच्या जमिनीतच खड्डा घेत, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत आणि त्यांच्या पोटात बाळाला निजवत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं. हसमुख सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या या कामात दोनशेहून अधिक दफनं मिळाली. त्यांत बहुतेक लहान मुलांची.

उत्खनन म्हणजे एक प्रकारे त्या जागेचा नाशच. खणलेला थर परत रचता येत नाही. त्यामुळे पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडाचा जो भाग खणून झाला, तो आता डेक्कन कॉलेजच्या येरवड्यातल्या आवारात, खोक्यांमध्ये आणि नोंदवह्यांमध्येच उरतो. अशा संग्रहात सगळ्यात मोलाची गोष्ट असते ती चिठ्ठी: कुठला चर, कुठला थर, किती खोली. चिठ्ठी हरवली की हाड नुसतं हाड राहतं.

ही खोकी पुढे पुन्हा पुन्हा उघडली गेली. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतले जॉन लुकाक्स यांनी या मुलांचे दात तपासले. हाड आयुष्यभर झिजतं, नव्यानं भरतं. दातावरचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, मात्र एकदा तयार झालं की बदलत नाही. ते तयार होत असताना उपासमार झाली किंवा आजारपण आलं तर तिथे खळगा किंवा रेघ राहते. त्यातही दुधाच्या दातांचं एनॅमल आईच्या पोटातच तयार व्हायला लागतं. म्हणजे बाळाच्या इवल्याशा दातावर त्याच्या आईच्या गरोदरपणाची खूण सापडू शकते. ज्या बाईचं नाव, चेहरा, भाषा यांतलं काहीच आपल्याला कधी कळणार नाही, तिच्या पोटाला पुरेसं मिळत होतं का, हा प्रश्न निदान विचारता येतो. मला हे फार मोठं वाटतं.

पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी याच मुलांच्या हाडांच्या वाढीचा अभ्यास केला. इनामगावच्या शेवटच्या काळात, म्हणजे उत्तर जोर्वे काळात (जोर्वे हे इथल्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीचं नाव), मुलांची वाढ खुंटल्याच्या खुणा त्यांना दिसल्या. खणणाऱ्यांच्या मनात हा प्रश्न याच रूपात असेलच असं नाही, पण त्यांनी सगळं जपून ठेवलं होतं.

राजस्थानातल्या बालाथलचंही तसंच. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९९० च्या दशकात तिथे उत्खनन केलं. त्यात एका मध्यमवयीन पुरुषाचा सांगाडा मिळाला. त्याच्या नाकाभोवतीची आणि वरच्या जबड्याची हाडं झिजलेली होती. २००९ मध्ये या खुणा कुष्ठरोगाच्या असल्याचं प्रसिद्ध झालं. काळ सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे हाडांवर दिसलेला कुष्ठरोगाचा तोवरचा सर्वांत जुना पुरावा. हा रोग भारतात किती जुना, या वादाला त्यामुळे ठोस आधार मिळाला.

विद्यार्थ्यांसाठी तर संग्रहाला पर्याय नाही. पुस्तकात जोर्वे खापराचं चित्र असतं. पण लाल रंगावरची काळी नक्षी, भाजणीचा पक्केपणा, बोटानं टिचकी मारल्यावर येणारा आवाज हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. हाडांचं आणखी अवघड. शेळीचं कुठलं आणि मेंढीचं कुठलं, हे ओळखायला ओळखीच्या जनावरांचे सांगाडे शेजारी ठेवून तासन् तास बसावं लागतं. गावकऱ्यांच्या ताटात काय होतं, ते अशा बसण्यातून उलगडतं.

कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात सामान्य माणसालाही हे पाहता येतं. राजे आणि लढाया यांच्या पलीकडे, जव पिकवणारी आणि शेळ्यामेंढ्या राखणारी माणसं याच मातीत नांदली, हे आपल्या पोरांना दाखवायला यापेक्षा चांगली जागा मला ठाऊक नाही.

संग्रह सांभाळणाऱ्यांपुढे आता वेगळाच पेच आहे. प्राचीन डीएनए काढायचा तर दात किंवा हाड कोरून भुकटी करावी लागते, आणि ती भुकटी परत दात होत नाही. दातावरच्या कीटणातही अन्नाचे आणि जिवाणूंचे अंश असतात. मग आज किती कोरायचं आणि पुढच्या अभ्यासकासाठी किती ठेवायचं, हे दर वेळी एकेका दाताकडे बघून ठरवावं लागतं.