कटिंग रूममधल्या अ‍ॅन कोट्स

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (१९६२) या चित्रपटात नायक हातातली जळती काडी न्याहाळतो, फुंकर मारतो आणि त्याच क्षणी पडदाभर वाळवंटाची पहाट दिसते. चित्रपट संकलनाच्या कोणत्याही वर्गात हा कट दाखवतातच. पटकथेत मात्र तो नव्हता. तिथे होता डिझॉल्व्ह, म्हणजे एक दृश्य विरत जाताना दुसरं उमटत येणं. डिझॉल्व्हचा कट कसा झाला हे कळायला त्या काळच्या कटिंग रूममध्ये फिल्मचं नेमकं काय करत असत ते आधी पाहायला हवं. चित्रपटाच्या संकलक होत्या अ‍ॅन व्ही. कोट्स.

कोट्स यांचा जन्म १९२५ चा, सरे परगण्यातल्या रायगेटचा. त्यांनी आधी ईस्ट ग्रिन्स्टेडच्या रुग्णालयात परिचारिकेचं काम केलं. युद्धात भाजलेल्या वैमानिकांवर आर्चिबाल्ड मॅकिन्डो प्लास्टिक सर्जरी करत ते हेच रुग्णालय. मामा जे. आर्थर रँक ब्रिटिश चित्रपटधंद्यातले सर्वांत मोठे असामी, पण कट्टर मेथॉडिस्ट. भाचीला त्यांनी झगमगाटापासून लांब, आपल्या धार्मिक चित्रपटांच्या विभागात नेऊन बसवलं. चर्चमध्ये फिरून फिरून फाटलेल्या प्रती दुरुस्त करायच्या, हे तिथलं एक काम. शिक्षा वाटावी असं असलं तरी जोडकामाचा हात बसायला याहून चांगली शाळा नव्हती. पुढे पाइनवुड स्टुडिओत सहायक म्हणून उमेदवारी झाली आणि १९५२ मध्ये 'द पिकविक पेपर्स'वर संकलक म्हणून पहिल्यांदा त्यांचं स्वतःचं नाव लागलं.

आता फिल्मचा हिशेब. ३५ मिमी फिल्मवर एका फ्रेमला कडेची चार छिद्रं लागतात, म्हणजे १९ मिमी उंची. एका फुटात १६ फ्रेम, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे सेकंदाला दीड फूट आणि मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. रोज वापरणाऱ्याच्या हातात हे गणित इतकं मुरतं की फिल्म बोटांमधून सरकवतानाच सेकंदाचा अंदाज येतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये फिल्मवर शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

संकलक मूळ निगेटिव्हला हात लावत नसे. लॅबमधून आदल्या दिवशीच्या चित्रीकरणाची पॉझिटिव्ह प्रत येई, तिला रशेस म्हणत. आवाज वेगळ्या फिल्मवर असे. चित्राच्या पट्टीवर क्लॅपची फळी मिटते ती फ्रेम शोधायची, आवाजाच्या पट्टीवर 'टक्' सुरू होतं ती जागा शोधायची, मेणाच्या पेन्सिलीने दोन्हींवर खूण करायची आणि सिंक्रोनायझरच्या दातेरी चाकांवर दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी चढवायच्या. चाकं एकाच दांड्यावर बसवलेली, त्यामुळे एक पट्टी सरकली की दुसरी तेवढीच सरकते. एका फ्रेमची चूक ४२ मिलिसेकंदांची, ती बहुतेकांना कळत नाही. दोन-तीन फ्रेम चुकल्या की ओठ आणि शब्द जुळत नाहीत हे जाणवायला लागतं. जुळवलेल्या दोन्ही पट्ट्यांच्या कडेवर एकच क्रमांक छापून घेत, म्हणजे पुढे शेकडो तुकडे झाले तरी कोणत्या चित्राचा कोणता आवाज ते शोधता येई.

कापाकापी मुव्हिओलावर चाले. हे उभं यंत्र पायाखालच्या पेडलवर चालतं, त्यावर जेमतेम तळहाताएवढा पडदा असतो आणि खडखडाट भरपूर. कापलेले तुकडे कापडी पिशवी लावलेल्या डब्यावरच्या (बिनवरच्या) खिळ्यांना अडकवून ठेवायचे, प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी. एक-दोन फ्रेमचा तुकडाही फेकायचा नाही, कारण उद्या दिग्दर्शक तोच परत मागणार. आणि तो सापडला नाही तर बोलणी सहायकाने खायची.

जोड देण्यात रसायनशास्त्र होतं. फिल्मचा पाया आधी सेल्युलोज नायट्रेटचा असे. पेटला की स्वतःचाच ऑक्सिजन पुरवत जळणारा, झाकून न विझणारा. १९५०च्या सुमारास त्याची जागा अ‍ॅसिटेटने घेतली. जोडायच्या सिमेंटमध्ये अ‍ॅसिटोनसारखे द्रावक असतात. ते नुसते चिकटवत नाहीत, पाया विरघळवतात. दोन्ही टोकांचे विरघळलेले थर एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की सलग प्लास्टिक तयार होतं. ही खरं तर वेल्डिंगच. मात्र वरचा, चित्र धरणारा इमल्शनचा थर जिलेटिनचा, तो या द्रावकात विरघळत नाही, म्हणून जोडाच्या अरुंद पट्टीवरून तो पूर्ण खरवडावा लागतो. थोडा राहिला तर जोड धरत नाही. जास्त खरवडला तर पाया पातळ होतो आणि प्रोजेक्टरमध्ये नेमका तिथेच तुटतो. सिमेंट जास्त झालं तर पसरून चित्रावर डाग पडतो. बाटली उघडी राहिली तर द्रावक उडून जातो आणि जोड वरून पक्का दिसूनही दुसऱ्या दिवशी सुटतो.

दोन टोकं एकमेकांवर चढवून जोडायची असल्यामुळे तोच जोड उघडून पुन्हा केला की प्रत्येक वेळी फ्रेम खर्ची पडते. गेलेल्या फ्रेमच्या जागी काळी फ्रेम घालावी लागते, नाहीतर तिथून पुढे आवाज सरकतो. म्हणून जुन्या कटिंग प्रतीत मधूनच काळे झटके दिसतात. त्यावरून संकलकाने कुठे विचार बदलला हे सरळ वाचता येतं. पारदर्शक चिकटपट्टी लावून तिला छिद्रंही पाडणारा स्प्लायसर १९५०च्या दशकाच्या शेवटी इटालियन संकलक लिओ कॅटोझो यांनी आणला आणि हा खर्च थांबला. कोट्स यांची घडण मात्र त्याआधीची, आधी डोक्यात कापून मग हाताने कापण्याची.

सगळं ठरल्यावर निगेटिव्ह कापणारे हातमोजे घालून कडेच्या क्रमांकांवरून मूळ निगेटिव्ह कापत. ते बरंचसं बायकांच्या हातचं काम होतं. इथली चूक परत भरून येत नाही. संकलकाच्या खुर्चीतही ब्रिटनमध्ये तेव्हा बायका होत्या: हेल्गा क्रॅन्स्टन, नोरीन अ‍ॅकलंड, थेल्मा कॉनेल. कॅमेरा आणि दिग्दर्शनाची दारं बंद असताना हे दार किलकिलं राहिलं. शिवणकामासारखं नाजूक काम म्हणून बायकांना जमतं, असं त्याचं कारण सांगत. मला ते पटत नाही. दिवसाचे दहा तास मुव्हिओलापाशी उभं राहून हजारो फुटांतला एक तुकडा लक्षात ठेवण्यात नाजूक काही नाही.

'लॉरेन्स'चे दिग्दर्शक डेव्हिड लीन स्वतः नावाजलेले संकलक होते. त्यांच्यासाठी संकलन करणं म्हणजे वैद्याच्या घरी काढा करून देण्यासारखं. आधी त्यांनी कोट्स यांच्याकडून अल्बर्ट फिनी या नटाच्या स्क्रीन टेस्टचं संकलन करून घेतलं. फिनी यांनी लॉरेन्सची भूमिका घेतली नाही, पण कोट्स यांना काम मिळालं. चित्रीकरण मे १९६१ मध्ये जॉर्डनमध्ये सुरू झालं आणि स्पेन, मोरोक्को करत १९६२च्या उत्तरार्धापर्यंत चाललं. प्रीमियर ठरला १० डिसेंबर १९६२चा, राणीच्या उपस्थितीत. चित्रपट २२२ मिनिटांचा. ७० मिमी प्रतीत एका फ्रेमला पाच छिद्रं लागतात, म्हणून मिनिटाला ९० नव्हे तर पुरे ११२.५ फूट. प्रदर्शनाची एक प्रत साडेसात किलोमीटरहून लांब.

आता त्या काडीकडे येऊ. फिल्मवर डिझॉल्व्ह कटिंग रूममध्ये होत नाही. त्यासाठी दोन्ही शॉट लॅबच्या ऑप्टिकल प्रिंटरवर एकाच फिल्मवर दोनदा छापावे लागतात, पहिल्यात प्रकाश हळूहळू कमी करत, दुसऱ्यात वाढवत. दोन सेकंदांचा डिझॉल्व्ह म्हणजे ४८ फ्रेमचा. त्यात प्रतीची प्रत निघते, त्यामुळे दाणा (चित्रातले बारीक ठिपके) वाढतो आणि चित्र किंचित मऊ पडतं. वेळ आणि पैसा लागतो, म्हणून तो शेवटी करतात. तोवर कटिंग प्रतीत दोन शॉट डिझॉल्व्हच्या मध्यावर सरळ जोडून ठेवायचे आणि वर मेणपेन्सिलीची तिरपी रेघ ओढायची. रेघ पाहून बघणाऱ्याने मनातल्या मनात डिझॉल्व्ह समजून घ्यायचा.

लीन आणि कोट्स यांनी ती प्रत पडद्यावर पाहिली तेव्हा रेघेखालचा जोडच त्यांच्या नजरेत भरला. कोट्स त्या वेळी नव्या फ्रेंच दिग्दर्शकांचे चित्रपट पाहत होत्या. त्यात एका जागेवरून दुसऱ्या जागी सरळ उडी मारलेली असे. ते पाहायला त्यांनी लीन यांनाही पाठवलं होतं. डिझॉल्व्ह रद्द झाला. कट जवळजवळ अचूक आहे, घेऊन जा आणि अचूक करून आणा, असं लीन म्हणाल्याचं कोट्स सांगत. त्यांनी साधारण दोन फ्रेम काढल्या.

दोन फ्रेम म्हणजे ८३ मिलिसेकंद. एवढ्याने काय फरक पडतो? आपली नजर सेकंदाला तीन-चार वेळा उडी मारते आणि प्रत्येक उडीदरम्यान मेंदू दृश्य जवळजवळ बंद ठेवतो. म्हणूनच कट हा प्रकार मुळात आपल्याला चालतो. नवं लक्ष्य दिसल्यावर तिकडे वळायला डोळ्याला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे पाच फ्रेम. काडीच्या ज्योतीवर प्रेक्षागृहातली प्रत्येक नजर खिळलेली आहे. फुंकरीनंतर शॉट जरा जास्त रेंगाळला तर नजर चेहऱ्याकडे किंवा धुराकडे निघते आणि नवं चित्र येतं तेव्हा ती वाटेत असते. पाच फ्रेमांच्या त्या फटीत दोन फ्रेम म्हणजे बरीच मोठी जागा. माझ्या मते या कटचं श्रेय पुढच्या शॉटलाही आहे. सूर्याची कोर दिसेपर्यंत तो शांतपणे थांबून राहतो. एवढ्या झटक्यानंतर एवढं थांबणं, हा हिशेब कटहून अवघड.

विहिरीवरच्या प्रसंगात हेच उलट दिसतं. क्षितिजावर एक ठिपका थरथरतो आणि हळूहळू उंटस्वार होतो. तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ, वरची दाट, त्यामुळे आकाशाकडून तिरपे येणारे किरण वर वळतात आणि वाळूत पाणी चमकल्यासारखं दिसतं. हवा सतत हलत असल्याने आकृती वितळते, पुन्हा जमते. छायालेखक फ्रेडी यंग यांनी ते लांब पल्ल्याच्या भिंगातून टिपलं. अशा भिंगातून समोरून येणारा माणूस जवळ आल्यासारखा वाटतच नाही, कारण त्याचा आकार फार सावकाश वाढतो. घाईने कापलं तर मृगजळ हा नुसता डाग राहतो. न कापता ठेवलं तर स्वार पोहोचायला काही मिनिटं लागतात. वाट अशी की मध्ये विहिरीपाशी थांबलेल्या दोघांवर जायचं. ते पाहण्यात तीन-चार सेकंद जातात, तेवढ्यात स्वार शंभर पावलं पुढे आणून ठेवायचा. प्रेक्षकाला ती चोरी कळत नाही. लीन यांना तरीही पुढे वाटत राहिलं की हा प्रसंग अजून लांब ठेवायला हवा होता.

कोट्स यांना या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं. पुढे आणखी चार नामांकनं झाली, शेवटचं १९९८ मधल्या चित्रपटासाठी, आणि २०१६ मध्ये मानद ऑस्करही. 'लॉरेन्स'ला मात्र कात्री लागतच राहिली. प्रदर्शनानंतर वीस मिनिटं गेली, पुढे तो १८७ मिनिटांवर आला. जुने चित्रपट पुन्हा जुळवणाऱ्या रॉबर्ट हॅरिस यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी कापलेले भाग हुडकले तेव्हा काही ठिकाणी चित्र होतं, पण आवाज नव्हता. पीटर ओटूल, अ‍ॅलेक गिनेस यांनी पंचवीसेक वर्षांनी आपलेच संवाद पुन्हा म्हटले. वयाने जाड झालेले आवाज यंत्राने तरुण करावे लागले. जॅक हॉकिन्स हयात नव्हते, त्यांच्यासाठी चार्ल्स ग्रे बोलले. कुठला तुकडा कुठे बसतो हे ठरवायला कोट्स लीन यांच्यासोबत पुन्हा टेबलापाशी होत्या. १९८९ मध्ये जुळलेली प्रत लोकांसमोर आली.

१९९०च्या दशकाच्या मध्यावर, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्या संगणकाकडे वळल्या. तिथे जोड फुकट, फ्रेम खर्ची पडत नाही, एकाच प्रसंगाच्या दहा आवृत्त्या शेजारी ठेवता येतात. त्यांनी लाइटवर्क्स ही ब्रिटनमध्येच तयार झालेली प्रणाली शिकून घेतली. तिच्या कन्सोलवर फिल्म-टेबलासारखी पुढे-मागे फिरवायची मूठ मुद्दाम ठेवलेली होती, फिल्मवर वाढलेल्या हातांसाठी.