नागरीकरण आणि नागरी वाढ: टक्का वेगळा, आकडा वेगळा

इजिप्तच्या १९७६ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या साधारण ३ कोटी ६६ लाख भरली. त्यातले जवळपास ४४ टक्के लोक शहरांत राहत होते. २०१७ च्या जनगणनेत लोकसंख्या ९ कोटी ४८ लाखांच्या घरात गेली, पण शहरी लोकांचं प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपासच राहिलं. म्हणजे चाळीस-एक वर्षांत शहरांत राहणारी माणसं १ कोटी ६० लाखांवरून ४ कोटींवर गेली, अडीचपट झाली. मग या काळात इजिप्तचं नागरीकरण झालं का? बहुतेक जण 'हो, प्रचंड झालं' असंच म्हणतील. भूगोलाचं उत्तर मात्र 'नाही' असं आहे. उलट ते किंचित मागेच सरकलं. झाली ती नागरी वाढ.

शहरांत राहणाऱ्यांची संख्या वाढली, तर ती नागरी वाढ. एकूण लोकसंख्येत शहरी लोकांचा वाटा वाढला, तर ते नागरीकरण. ऐकायला फरक बारीक वाटतो, पण आकडे मांडले की तो डोळ्यांत भरतो. समजा एका प्रदेशात १,००० माणसं आहेत, ३०० शहरांत आणि ७०० खेड्यांत. काही वर्षांनी दोन्हीकडची लोकसंख्या दुप्पट झाली. शहरांत आता ६०० माणसं आहेत. पाणी, सांडपाणी, शाळा, बस सगळं दुप्पट लागणार. तरी शहरी वाटा ३० टक्केच राहिला. आता दुसरी शक्यता घ्या. एकूण लोकसंख्या १,००० च राहिली आणि खेड्यांतली १०० माणसं शहरांत आली. शहरांत ४०० झाले, वाटा ४० टक्क्यांवर गेला. पहिल्या शक्यतेत शहरांत दुसरीच्या तिप्पट भर पडली आणि नागरीकरण शून्य. दुसरीत भर थोडी, पण समाजाची घडण बदलली.

गोंधळ होतो तो मुख्यतः 'शहरं वाढतात म्हणजे खेड्यांतून लोक येतात' या समजुतीमुळे. शहरातली माणसं तीन वाटांनी वाढतात. एक, शहरातच होणारे जन्म मृत्यूंपेक्षा जास्त असणं, म्हणजे नैसर्गिक वाढ. दोन, बाहेरून होणारं स्थलांतर. तीन, काल खेडं म्हणून मोजलेल्या वस्तीची आज शहर म्हणून नोंद होणं, किंवा शहराची हद्द वाढवून आसपासची गावं आत घेणं. याला पुनर्वर्गीकरण म्हणतात. नैसर्गिक वाढीचा वेग शहरांत आणि खेड्यांत सारखा असेल, तर तिने नागरी वाढ होते पण टक्का हलत नाही. खेड्यातून शहरात आलेला माणूस मात्र एका बाजूला उणा आणि दुसऱ्या बाजूला अधिक होतो, म्हणून टक्क्यावर त्याचा परिणाम लगेच दिसतो.

अठराव्या शतकात बराच काळ लंडनमध्ये जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होत. ते शहर वाढत होतं ते बाहेरून येणाऱ्या माणसांच्या जोरावर. पुढे १८५१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधले निम्म्याहून जास्त लोक शहरी भागांत आढळले. त्या इतिहासामुळे शहरवाढ आणि स्थलांतर ही जोडी आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. पण भारतात २००१ ते २०११ या दशकातल्या नागरी वाढीत सर्वांत मोठा वाटा नैसर्गिक वाढीचा होता. शहरातल्या गर्दीचा सगळा दोष 'बाहेरून आलेल्यां'वर टाकणं मला म्हणूनच खटकतं. त्या गर्दीतली कितीतरी माणसं त्याच शहरात जन्मलेली असतात.

पुनर्वर्गीकरणाचा भाग सर्वांत दुर्लक्षित आणि खरं तर सर्वांत रंजक आहे. केरळचं उदाहरण पाहू. २००१ मध्ये तिथला शहरी वाटा सुमारे २६ टक्के होता, २०११ मध्ये तो ४७.७ टक्के झाला. दहा वर्षांत राज्याची एकूण लोकसंख्या जेमतेम १६ लाखांनी वाढली, पण शहरी लोकसंख्या जवळपास ७७ लाखांनी. ग्रामीण लोकसंख्या ६१ लाखांनी घटली. एवढी माणसं घरदार सोडून निघाली होती का? नाही. बरीचशी होती तिथेच राहिली, नोंद बदलली. भारतीय जनगणनेत एखाद्या वस्तीला नगरपालिका नसली, तरी तीन अटी पूर्ण झाल्या की ती शहर म्हणून मोजतात: किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामांत. अशा वस्तीला जनगणना शहर म्हणतात. केरळमध्ये त्यांची संख्या ९९ वरून ४६१ वर गेली.

'हा तर नुसता कागदी बदल' असं यावर म्हटलं जातं. मला ते पटत नाही. घरं एकमेकांना भिडत गेली होती, लोकांची पोटापाण्याची कामं शेतीतून बाहेर पडली होती. हे बदल खरे होते, त्यांची मोजणी तेवढी उशिरा झाली. अडचण वेगळीच आहे. जनगणनेत शहर ठरलेल्या अशा वस्तीचा कारभार ग्रामपंचायतीकडेच राहतो.

केरळशेजारी उत्तर प्रदेश ठेवला की दोन्ही संकल्पना एकदम उलगडतात. त्याच दशकात उत्तर प्रदेशातली शहरी लोकसंख्या सुमारे ३ कोटी ४५ लाखांवरून ४ कोटी ४५ लाखांवर गेली. एक कोटीची भर, केरळपेक्षा जास्त. पण ग्रामीण लोकसंख्याही दोन कोटींहून जास्त वाढल्यामुळे शहरी वाटा २०.८ वरून फक्त २२.३ टक्क्यांवर पोचला. टक्केवारी पाहिली तर उत्तर प्रदेश केरळच्या खूप मागे. माणसं मोजली तर केरळच्या शहरांत १ कोटी ५९ लाख आणि उत्तर प्रदेशच्या शहरांत त्याच्या पावणेतीनपट. पाणीपुरवठ्याची योजना आखणाऱ्याने टक्का बघून उत्तर प्रदेशला मागे ठेवलं, तर लाखो घरांचे नळ कोरडे राहतील. उलट, लोक शेतीपासून किती दूर गेले हे ज्याला शोधायचंय, त्याला नुसत्या कोटींच्या आकड्यातून काही हाती लागणार नाही.

टक्क्याची तुलना देशादेशांत करताना व्याख्याही तपासायला हवी. इजिप्तमध्ये शहराचा दर्जा सरकारी निर्णयाने मिळतो. हजारोंच्या लोकवस्तीची कितीतरी गावं तिथे अजून खेडी म्हणूनच मोजली जातात. त्यामुळे वरचा ४२ टक्क्यांचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी आहे, असं मानायला जागा आहे. स्वीडनमध्ये सलग बांधकाम असलेल्या वस्तीत २०० माणसं असली तरी ती नागरी मानतात. जपानमध्ये नगराचा दर्जा मिळायला सर्वसाधारणपणे ५०,००० लोकसंख्या लागते. तिथे २००० नंतर छोट्या गावांची मोठ्या प्रमाणावर नगरांत विलीनीकरणं झाली, आणि नगरांत राहणाऱ्यांचं प्रमाण पाच वर्षांत ७९ वरून ८६ टक्क्यांवर गेलं. त्यात भातशेती आणि डोंगरही 'नगरा'त आले.

शहराचा जमिनीवरचा फैलाव ही तिसरीच गोष्ट. लोकसंख्या न वाढताही शहर पसरू शकतं. तो विषय इथे नको.

नागरीकरणाला १०० टक्क्यांची मर्यादा आहे, नागरी वाढीला नाही. सिंगापूर अख्खं शहरच असल्यामुळे तिथे टक्का वाढायला वावच उरलेला नाही, तरी १९७० मधले सुमारे २१ लाख लोक २०२० मध्ये ५७ लाखांजवळ पोचले. आणि दोन्ही गोष्टी विरुद्ध दिशांनाही जाऊ शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अंदाजानुसार जपानचा शहरी वाटा २०५० पर्यंत ९२ टक्क्यांवरून ९५ टक्क्यांच्या जवळ जाईल, पण एकूण लोकसंख्या घटत असल्यामुळे शहरांत राहणारी माणसं एक कोटीहून अधिकने कमी होतील. नागरीकरण चालूच राहील आणि शहरं रिकामी होत जातील.