पुण्यात आज काय आहे?

मंडईत जाणारा पुणेकर ‘गाडी आर्यनला लावली’ म्हणतो तेव्हा तो वाहनतळाबद्दल बोलत असतो. त्या जागी १९१५ साली गंगाधर नथुजी पाठक यांनी आर्यन सिनेमा सुरू केला. पुण्यातलं हे पहिलं कायमचं चित्रपटगृह. ते १९८३ मध्ये बंद झालं, नाव मात्र गाड्यांच्या कामी आलं. तसंच अलका टॉकीजवरून ओळखल्या जाणाऱ्या अलका चौकाचं. त्याचं खरं नाव लोकमान्य टिळक चौक, पण ते सांगून रिक्षा करायचा प्रयत्न एकदा करून पाहा. थिएटरांच्याच नावावर लोक रस्ते ओळखत असल्यामुळे ‘आज कुठे काय लागलंय’ हे पुण्यात बराच काळ वेगळं शोधावं लागलं नाही. ऑफिसला जाता-येता थिएटरवरचं पोस्टर दिसे, आणि बदललेलं पोस्टर म्हणजे शुक्रवार उजाडला एवढं कळे.

नाटकाच्या जाहिरातीची सवय याहून जुनी. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात झाले, तेव्हा तिकीट काढून नाटकाला जाणं शहराला नवं राहिलेलं नव्हतं. गाण्याचं तसं नव्हतं. मैफल वाड्यात, संस्थानिकाच्या दरबारात किंवा एखाद्या शौकिनाच्या दिवाणखान्यात होई आणि आमंत्रण असेल त्यालाच तिचा पत्ता लागे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी आणि अब्दुल करीम खाँसाहेबांनी गाणं तिकिटावर आणलं. लोकांच्या तोंडी ‘जलसा’ हा शब्द रुळला. तिकीट आलं की जाहिरात आलीच, कारण आता अनोळखी माणसाला बोलवायचं होतं. संगीत ‘सार्वजनिक झालं’ असं आपण सहज म्हणतो, पण त्यात हँडबिलाचा वाटा किती होता हे फारसं कुणी सांगत नाही.

खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व. ते १९५२ साली गेले आणि पुढच्याच वर्षी आर्य संगीत प्रसारक मंडळाने त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात उत्सव सुरू केला. भीमसेन जोशींनी तो पुढे आयुष्यभर सांभाळला. पुणेकर त्याला नुसतं ‘सवाई’ म्हणतात. डिसेंबर लागला की ‘यंदा सवाईला कोण कोण आहे?’ हा प्रश्न फिरू लागतो. सवाई आहे की नाही, हे कुणी विचारत नाही.

पुण्याच्या सांस्कृतिक माहितीचा खरा कणा हाच होता, असं मला वाटतं. मोठे कार्यक्रम कळावे लागत नसत, ते कॅलेंडरातच असत. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला एप्रिल-मेच्या उकाड्यात यायची म्हणजे यायची. गणपतीत मांडवातले कार्यक्रम. ऑगस्ट-सप्टेंबरात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेच्या एकांकिका, १९६३ पासून, आणि कॉलेजच्या पोरांच्या आरोळ्या टिळक रोडपर्यंत. २००२ पासून त्यात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची भर पडली आणि जानेवारीही अडकला.

कॅलेंडरात न बसणाऱ्या बाकी सगळ्यासाठी वर्तमानपत्र होतं. नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी ‘सकाळ’ काढला तो गावातल्या बातमीला मान देत. पुढे स्थानिक दैनिकांत दिवसभराच्या कार्यक्रमांची एक चिमुकली यादी रूढ झाली. कार्यक्रम, वक्ता किंवा कलाकार, स्थळ, वेळ, बस्स. कीर्तन, पुस्तक प्रकाशन, अमक्यांचा सत्कार, तमक्यांचं सतारवादन, भुलेश्वराच्या सहलीची नोंदणी, सगळं एकाच मापाच्या अक्षरांत. त्या यादीत कोण मोठा, कोण छोटा हे कळायला मार्ग नसे, आणि मला तीच तिची सर्वांत मोठी सोय वाटते. आमच्या घरी निवृत्त मंडळी ती चहाबरोबर वाचत आणि संध्याकाळ ठरवत. ‘प्रवेश विनामूल्य’ या दोन शब्दांवर डोळा आधी जाई, हेही कबूल करायला हवं.

नाटकांच्या जाहिराती हा आणखी वेगळा प्रकार. त्यांची एक लिपीच होती. नाटकाचं नाव ठसठशीत, खाली ‘शनि. रात्री ९.३० बालगंधर्व’, ‘रवि. दु. १२.३० यशवंतराव, कोथरूड’, आणि कोपऱ्यात ‘प्लॅन सुरू’. बाहेरगावच्या माणसाला प्लॅन म्हणजे काहीतरी बेत वाटतो. हा प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा छापील नकाशा. खिडकीतला माणूस तो पुढे सरकवायचा, तुम्ही बोट ठेवायचं, तो पेन्सिलीने काट मारायचा. तिकीट सकाळी मिळे आणि संध्याकाळी मिळे. दुपारी खिडकी बंद, यावर वेगळं भाष्य नको. प्लॅन उघडायच्या दिवशी पहाटेपासून रांग लागे आणि त्या रांगेतच पुढच्या महिन्यात काय येतंय, कुठल्या नाटकातला नट बदललाय, कुठलं नाटक ‘पहिल्या अंकानंतर झोपतं’ हे कळून जाई. छापील समीक्षेपेक्षा ही रांग जास्त नाटकं चालवी आणि पाडीही.

या सगळ्याचं मध्यवर्ती ठाणं म्हणजे बालगंधर्व रंगमंदिर. १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. २६ जून १९६८ रोजी ते उघडलं. आखणीत पु. ल. देशपांड्यांचा मोठा सहभाग होता. आवारातले फलक, वर कलादालन, मध्यंतरातला बटाटेवडा. नाटकाला न जाणारेही नुसते फलक वाचायला आत वळत.

सिनेमाचा एक कोपरा मात्र जाणूनबुजून मिटलेला होता. १९३३ मध्ये कोल्हापूरहून आलेल्या प्रभात कंपनीच्या स्टुडिओत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं आणि पी. के. नायर यांनी तिथे जगभरचे सिनेमे जमवले. जपानी, पोलिश, हंगेरियन चित्रपट पुण्यात बघायला मिळत, पण ते पोस्टरवर दिसत नसत. फिल्म सोसायट्यांचे खेळ सभासदांपुरते. सेन्सॉरची सवलत त्याच अटीवर मिळे. म्हणून कार्यक्रमपत्रिका सभासदाच्या घरी टपालाने येई आणि बाकी लोकांना खेळ होऊन गेल्यावर कळे. या संस्थांशेजारी लॉ कॉलेज रोडवर राहणाऱ्याला जे ठाऊक होतं ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, हडपसरला पोहोचायला वर्षं लागली.

कॅम्पाचं, म्हणजे लष्कर भागाचं, आणखी निराळं. वेस्ट एंड थिएटरला इंग्रजी सिनेमा लागे, ईस्ट स्ट्रीटवर कॅपिटॉल होतं, नंतर त्याचं व्हिक्टरी झालं. बँड कुठे वाजतोय हे पेठेतल्या मराठी पेपरात सहसा येत नसे. २०१० मध्ये कोरेगाव पार्कात एनएच-सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला तेव्हा शहराबाहेरून हजारो तरुण आले. आमच्या सदाशिव पेठेत तो झाल्याचं पुष्कळांच्या गावीही नव्हतं. एकाच शहरात दोन याद्यांची दोन पुणी नांदत होती.

मग यादी फोनवर गेली. बुकमायशो २००७ पासून आहे, तरी मराठी नाटकाचा प्रेक्षक बरीच वर्षं खिडकीलाच चिकटून राहिला. ही सवय मोडली ती करोनात. नाट्यगृहं बंद पडली, उघडली, पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली तेव्हा बोट ठेवायचा प्लॅन पडद्यावर आलेला होता. प्रशांत दामले यांनी मराठी नाटकांसाठी ‘तिकिटालय’ काढलं तेही याच बदलातून. सोय झाली यात वाद नाही, साताऱ्याहून येणाऱ्याला आता दोन खेपा पडत नाहीत. पण अ‍ॅपवर ‘या आठवड्यात पुण्यात’ असं पाहिलं की स्टँडअप आणि मातीकामाच्या कार्यशाळा आधी येतात. ज्याचं तिकीट विकलं जातं तेच तिथे दिसतं. कीर्तनाला तिकीट नाही, म्हणून अ‍ॅपपुरतं कीर्तन पुण्यात होतच नाही.

घरगुती बैठकांचं गाणं तर पुन्हा दिवाणखान्यात गेलंय. पन्नास माणसांची सोय, सतरंजी, एक तंबोरा, मागे खुर्च्या फक्त गुडघे दुखणाऱ्यांसाठी. निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, बहुधा आदल्या रात्री, आणि खाली लिहिलेलं असतं : ‘जागा मर्यादित. कृपया पुढे पाठवू नये.’