हॅना मार्शमन

हॅना मार्शमन (१३ मे १७६७ – ५ मार्च १८४७) ही बंगालमधल्या श्रीरामपूरच्या डॅनिश वसाहतीत शाळा काढून वर्षानुवर्षं चालवणारी इंग्रज बाई. भारतातली पहिली स्त्री मिशनरी म्हणून तिचं नाव घेतात, पण दिवसभराचं काम शाळेचंच. आणि हे श्रीरामपूर नगर जिल्ह्यातलं नव्हे, कलकत्त्याच्या उत्तरेला हुगळीकाठचं, समोर बराकपूर.

जन्म ब्रिस्टलचा, माहेरचं आडनाव शेफर्ड. १७९१ मध्ये जोशुआ मार्शमनशी लग्न झालं, तोही मास्तरच. १७९९ मध्ये दोघं पोरांना घेऊन क्रायटेरियन नावाच्या अमेरिकन जहाजाने निघाले आणि १३ ऑक्टोबरला थेट श्रीरामपुरात उतरले, कारण ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या हद्दीत मिशनरी नकोच होते आणि इथल्या डॅनिश गव्हर्नरने, कर्नल बी याने, आसरा दिला.

१ मे १८०० ला नवरा-बायकोने दोन बोर्डिंग शाळा सुरू केल्या, त्या इतक्या छान चालल्या की सुरुवातीला मिशनचा संसार बराचसा त्या फीवरच निघाला. नंतर बंगाली मुलींच्या शाळाही झाल्या. मिशनमधल्या सगळ्यांची कमाई एकाच तिजोरीत टाकायची असा नियम होता, म्हणजे सोबतचा मिशनरी विल्यम केरी याचा कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजचा पगार, दुसरा सोबती विल्यम वॉर्ड याच्या छापखान्याचे पैसे आणि मार्शमनांच्या शाळांचं उत्पन्न. केरीचं मराठी व्याकरण (१८०५) आणि मोडी लिपीतला मराठी कोश (१८१०) इथलेच, तेव्हा या बोर्डिंगच्या फीचा थोडा उपकार आपल्यावरही आहे म्हणायला हरकत नाही.

शाळा सुटली तरी बाईंची सुट्टी नव्हतीच. केरीच्या बायकोचं, डोरोथीचं, मानसिक संतुलन पार ढासळलेलं, केरी भाषांतरात बुडालेला आणि स्वभावाने इतका मवाळ की त्याची चार मुलं मोकाट सुटलेली, त्यांना वळण लावायचं कामही हिच्याकडेच आलं, तेही स्वतःची बाळंतपणं सांभाळून. तिला बारा मुलं झाली, त्यातली पाचच बापामागे उरली. तरी पुस्तकांत ‘श्रीरामपूरचं त्रिकूट’ म्हणून केरी, मार्शमन, वॉर्ड हे तीन पुरुषच, हे जरा खटकतंच.

मुलगा जॉन क्लार्क हा १८१८ च्या ‘समाचार दर्पण’ या बंगाली साप्ताहिकाचा संपादक. मुलगी, तिचंही नाव हॅनाच, १८२९ मध्ये हेन्री हॅवलॉकला दिली, तोच तो १८५७ मध्ये कानपूर-लखनौला लढलेला जनरल. जोशुआ १८३७ मध्ये वारला. १८४५ मध्ये डॅनिशांनी गावच इंग्रजांना विकून टाकलं आणि दोन वर्षांनी हॅनाही तिथेच गेली.